टांकसाळीतील चूक, नंतरची इजा आणि मुद्दाम केलेला फेरफार: नाणे तपासण्याचा योग्य क्रम

नेहमीपेक्षा वेगळे नाणे हाती आले की बहुतेक जण आधी तसेच दिसणारे छायाचित्र शोधतात, आणि तपासणीचा क्रम तिथेच उलटा होतो. छायाचित्रात वजन कळत नाही, कड दिसत नाही, आणि एखादा खळगा धातूवर दाब पडून झाला आहे की धातू खरवडून, हेही समजत नाही. शिवाय एकदा साम्य सापडले की पुढची प्रत्येक खूण त्या साम्याला जुळवून पाहण्याकडे मन ओढ घेते. म्हणून या लेखातील क्रम आधी मोजमाप, मग कड, मग पृष्ठभाग आणि सर्वांत शेवटी नाव असा ठेवला आहे. संपूर्ण तपासणीत एकच प्रश्न धरून ठेवावा: हा बदल नाणे घडण्याच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर होऊ शकतो? तो टप्पा सांगता येत नसेल तर नाणे टांकसाळीतून बाहेर पडल्यावर बिघडले आहे असे धरून चालावे.

१. तयारी

दहा पट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा वजनकाटा, व्हर्नियर कॅलिपर, एक लहानसे चुंबक आणि कुठूनही वळवता येईल असा एकच दिवा एवढे साहित्य पुरते. याहून जास्त मोठे दाखवणाऱ्या भिंगाची सुरुवातीला गरज नसते. त्यातून धातूवरचा प्रत्येक ओरखडा महत्त्वाचा वाटू लागतो आणि संपूर्ण नाण्याकडे दुर्लक्ष होते.

सर्वांत मोलाचे साधन मात्र बहुतेकांकडे नसते, ते म्हणजे त्याच मूल्याचे, त्याच वर्षाचे किंवा निदान त्याच रचनेचे एक साधे, निर्दोष नाणे. तुलनेसाठी असे नाणे शेजारी नसेल तर अक्षरांची सामान्य जाडी किती, किनार किती उंच, मागची आकृती किती अंशांत बसते हे सर्व आठवणीवर सोडावे लागते, आणि आठवण अशा वेळी हवे तेच दाखवते.

नाणे कडेने धरावे आणि खाली मऊ कापड पसरावे. दिवा बाजूने, कमी उंचीवरून लावावा, म्हणजे उंचवटा आणि खळगा यांच्या सावल्या वेगळ्या पडतात. वरून पडणाऱ्या सरळ प्रकाशात ओरखडा आणि डायवरची, म्हणजे नाण्यावर नक्षी उमटवणाऱ्या ठशावरची, भेग हुबेहूब सारखी दिसू शकतात.

इशारा: तपासण्यापूर्वी नाणे धुवू नये, घासू नये, कोणत्याही द्रावणात बुडवू नये. कापलेल्या कडेवरचा जुना मळ, खळग्याच्या तळाची मूळ झळाळी आणि कानशीच्या बारीक रेघा हाच पुरावा असतो, आणि साफसफाईत तो सर्वांत आधी नष्ट होतो.

२. नाणे घडण्याचा क्रम पाठ करणे

धातूच्या पट्ट्यातून गोल चकत्या कापल्या जातात. त्या तापवून मऊ केल्या जातात. मग त्यांची कड दाबून भोवती थोडी उंच किनार उभी केली जाते. शेवटी प्रेसमध्ये चकती दोन डायच्या मध्ये येते आणि तिच्याभोवती कॉलर नावाचे पोलादी कडे असते. दाब पडताच धातू डायच्या खोलगट भागांत वर चढतो आणि बाजूला कॉलरपर्यंत सरकतो. कडेवर उभ्या खाचा असतील तर त्या बहुतेक नाण्यांवर याच कॉलरमुळे उमटतात.

यातून दोन गोष्टी निघतात आणि पुढची जवळजवळ प्रत्येक कसोटी त्यांच्यावर उभी आहे. पहिली, डायवर जे खोल असते ते नाण्यावर उंच येते. म्हणून डायला भेग पडली किंवा तिचा तुकडा निघाला तर नाण्यावर उंचवटाच दिसतो. दुसरी, दाबाखाली धातू मऊ मातीसारखा वाहतो, आणि चकतीत आधीच दोष असेल तर त्या वाहण्याची दिशा बदलते. नाणे पूर्ण झाल्यावर केलेल्या कापाला, ठोक्याला किंवा घासण्याला हे वाहणे मागे जाऊन निर्माण करता येत नाही.

३. वजन, व्यास आणि चुंबक

वजनकाटा आधी ज्ञात वजन ठेवून तपासावा, मग नाणे दोनतीनदा ठेवून वजन घ्यावे. टांकसाळीच्या अधिकृत वजनातही थोडी सूट असते. अमेरिकेच्या तांब्याच्या एक सेंट नाण्याचे वजन ३.११ ग्रॅम आणि मान्य फरक ०.१३ ग्रॅम होता. त्यामुळे दोनचार शतांश ग्रॅमच्या फरकावर कोणताही निष्कर्ष उभारू नये. वापरून झिजलेले नाणे तर हलके असणारच.

नाण्यांची रचना मध्येच बदलते हेही ध्यानात ठेवावे. याच सेंटमध्ये १९८२ साली तांबेप्रधान मिश्रधातूऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले जस्त आले आणि वजन २.५ ग्रॅम झाले. त्या एका वर्षात दोन्ही प्रकार निघाले, त्यामुळे १९८२ चे हलके नाणे अगदी साधे असते.

वजन असामान्य निघाले तर ते त्याच टांकसाळीत त्या काळी बनणाऱ्या दुसऱ्या एखाद्या नाण्याच्या चकतीशी जुळते का ते पाहावे. चुकीच्या चकतीवर छापलेले नाणे दुसऱ्या कुणाचे तरी वजन घेऊन येते. कोणत्याच चकतीशी न जुळणारे, सर्वत्र पातळ झालेले, तपशील सारखेच पुसट असलेले आणि पृष्ठभाग खरबरीत असलेले नाणे बहुधा आम्लात बुडवलेले असते.

पडताळणी: एक कसोटी पुरत नाही, याचे सर्वांत बोधक उदाहरण १९४३ च्या अमेरिकी सेंटचे आहे. त्या वर्षी युद्धामुळे हे नाणे जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादात काढले गेले आणि चुकून तांब्याच्या चकतीवर छापली गेलेली मोजकी नाणी अतिशय दुर्मिळ आहेत. पोलादी नाण्यावर तांब्याचा मुलामा चढवून केलेली नक्कल चुंबकाला चिकटते आणि २.७ ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणून ती लगेच पकडली जाते. पण १९४८ च्या तांब्याच्या नाण्यावरील ८ खरवडून ३ केलेला असेल, तर चुंबक आणि वजन या दोन्ही कसोट्या ते नाणे पार करते. तिथे केवळ ३ या अंकाचे वळण १९४३ च्या साध्या पोलादी नाण्याशेजारी ठेवून पाहणे उपयोगी पडते.

४. कड पाहणे

नाणे उभे धरून सावकाश पूर्ण फिरवावे. हा टप्पा सर्वांत जास्त वगळला जातो, आणि फेरफार करणाऱ्यालाही कड तितक्या काळजीने सांभाळता येत नाही.

व्हाइसमध्ये, म्हणजे वस्तू आवळून धरणाऱ्या शिकंज्यात, दाबलेल्या नाण्याच्या कडेवर दोन समोरासमोरचे चपटे भाग किंवा दातऱ्यांचे व्रण सापडतात. यंत्रात अडकून सतत आपटत राहिलेल्या नाण्याची किनार आत वळते, कड जाड होते आणि व्यास कमी होतो. असे नाणे लहान चकतीवर छापल्यासारखे वाटते, पण त्याचे वजन जवळजवळ पूर्ण असते. कानशीने घासलेल्या कडेवर एकाच दिशेच्या समांतर रेघा असतात.

याउलट कॉलरविना छापलेले नाणे पसरट होते. त्याचा व्यास वाढतो, कडेवर खाचा नसतात, वजन मात्र बरोबर असते आणि अक्षरे ठसठशीत असतात. चामड्याच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून हातोडीने ठोकलेले नाणेही मोठे होते, अक्षरेही फुगतात, म्हणून त्याला फसणारे पुष्कळ आहेत. त्या नाण्याची अक्षरे मात्र मऊ, कडा हरवलेली असतात आणि पृष्ठभागाची मूळ झळाळी गेलेली असते.

५. उंच की खोल

आता बाजूच्या प्रकाशात एकेक खूण पाहून ती उंच आहे की खोल एवढेच ठरवावे. दिवा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यावा. डोळा उंचवट्याला खळगा समजण्याची चूक सहज करतो आणि प्रकाशाची दिशा बदलली की ती सुधारते.

उंच, बारीक, वेडीवाकडी रेघ ही सहसा डायवरची भेग असते. खोल रेघ हा सहसा ओरखडा असतो. खळगा असेल तर त्याच्या काठावर धातू वर उचललेला आहे का ते पाहावे. टोकदार वस्तूने मारलेला घाव धातू बाजूला सारतो, त्यामुळे काठावर लहान बांध उभा राहतो.

खोल खुणांना दोन खरे अपवाद आहेत. छापताना चकती आणि डाय यांच्यामध्ये दोरा, कापडाचा तुकडा, धातूचा कीस किंवा घट्ट झालेले ग्रीस अडकले तर त्याचा खळगा उमटतो. पण त्याचे काठ सौम्य असतात, बाजूला बांध नसतो आणि तळाला त्या वस्तूचा पोत किंवा गुळगुळीतपणा दिसतो. दुसरा अपवाद म्हणजे चकतीच्या धातूतला पापुद्रा सुटणे. तिथे तळ तंतुमय, एका दिशेला ओढल्यासारखा असतो. पापुद्रा छापण्यापूर्वी सुटला असेल तर तळाशी नक्षी पुसट का होईना दिसते, छापल्यानंतर सुटला असेल तर दिसत नाही. दोन्ही वेळा मूळ दोष चकतीचाच असतो.

६. धातू कुठे सरकला हे वाचणे

हा टप्पा घाईने करू नये. मोठ्या, नजरेत भरणाऱ्या चुकांचा निर्णय जवळजवळ नेहमी इथेच लागतो.

*कापलेली कड.* पट्टा पुरेसा पुढे सरकला नाही तर पुढची चकती आधीच्या भोकावर चढते आणि नाण्याला चंद्रकोरीसारखा काप येतो. कापापाशी आलेली अक्षरे पाहावीत. खऱ्या कापाजवळ धातूला टेकायला कॉलर नसते, म्हणून तो मोकळ्या जागेकडे वाहतो आणि अक्षरे त्या बाजूला ओढल्यासारखी, पसरट किंवा पुसट होतात. नंतर कापलेल्या नाण्यावर अक्षर अर्ध्यात, पूर्ण उंचीवर सुरीने छाटल्यासारखे थांबते. मग कापाच्या अगदी समोरची किनार पाहावी. किनार उभी करताना समोर काप असल्याने त्या जागेवर पुरेसा दाब पडत नाही, आणि तिथली किनार अशक्त राहते. काप लहान किंवा सरळ असेल तर ही खूण अस्पष्ट असू शकते, म्हणून तिच्या अभावावरून लगेच नाणे नाकारू नये. अक्षरांचे ओढले जाणे मात्र असायलाच हवे.

*एका बाजूला सरकलेली छपाई.* नक्षीचा भाग गायब आणि तिथे कोरी चंद्रकोर, असे नाणे खरे असेल तर दोन्ही बाजूंची कोरी जागा नाण्याच्या एकाच भागात, पाठीला पाठ लावून असते, कारण चकती दोन्ही डायच्या मध्ये एकाच वेळी सरकलेली असते. एकीकडे कोरी जागा आणि दुसरीकडे त्याच ठिकाणी पूर्ण नक्षी असेल तर कोरी बाजू घासलेली असण्याची शक्यता फार मोठी आहे. तिथे लेथचे, म्हणजे वस्तू फिरवून धातू कापणाऱ्या यंत्राचे, वर्तुळाकार ओरखडे शोधावेत. केवळ वरची डाय थोडी हलल्यामुळे एकाच बाजूची नक्षी किंचित सरकणे हा वेगळा, किरकोळ प्रकार आहे. त्यात दुसरी बाजू आणि कडेच्या खाचा पूर्ण असतात.

*किनारीला लागून आलेला गोळा.* डायचा कडेचा तुकडा निघाला की तिथे नक्षीविना उंच, सपाट ढेकूळ येते. त्या पोकळीत धातू ओढला गेल्यामुळे नाण्याच्या दुसऱ्या बाजूला त्याच ठिकाणची नक्षी कमजोर असते. दुसरी बाजू तिथे पूर्ण ठसठशीत असेल, किंवा ढेकळाचा रंग वेगळा असून त्याखालून अक्षराचा भाग डोकावत असेल, तर तो वरून चिकटलेला धातू किंवा डाख आहे.

पडताळणी: या टप्प्यावर नाणे उलटताना दोन्ही बाजू कोणत्या कोनात आहेत हे पक्के असावे. अमेरिकी नाणी आडव्या अक्षावर, म्हणजे वरची कड खाली नेऊन उलटली की मागची बाजू सरळ दिसते. युरो आणि आधुनिक ब्रिटिश नाणी मात्र बाजूने, पुस्तकाचे पान उलटावे तशी उलटावी लागतात. ही पद्धत ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांना अगदी साध्या नाण्याची मागची बाजू फिरलेली वाटते.

७. दुहेरी दिसणारी अक्षरे

गैरसमज सर्वांत जास्त याच प्रकारात होतो. डाय तयार करतानाच तिच्यावर आकृती दोनदा, किंचित सरकून बसली तर त्या डायने छापलेल्या प्रत्येक नाण्यावर सारखीच दुहेरी आकृती येते. १९५५ चा दुहेरी आकड्यांचा अमेरिकी सेंट हे याचे प्रसिद्ध उदाहरण. अशा दुहेरीकरणात दोन्ही आकृत्या गोलसर आणि उंच असतात, अक्षराची एकूण रुंदी वाढते आणि त्याच्या टोकांशी स्पष्ट फट दिसते.

छापून झाल्यावर डाय सैल असल्यामुळे क्षणभर हलली तर ती ताज्या अक्षराची बाजू घासत जाते. तिथे दुसरे अक्षर तयार होत नाही. मूळ अक्षराच्याच बाजूला एक चपटी, चकचकीत पायरी कापली जाते आणि मूळ अक्षर बारीक होते. हे टांकसाळीत घडले असले तरी संग्राहक याला वेगळे मोल देत नाहीत. वाढलेली रुंदी की घटलेली, एवढे नीट पाहिले तरी निर्णय बहुधा लागतो.

झिजलेल्या डायमुळे येणारी धूसर, दाणेदार कडा आणि मुलामा दिलेल्या जस्ताच्या नाण्यांवरचे फुगे हेही दुहेरीकरण नव्हे. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या अखेरीस डाय एकाच दाबात बनवायला सुरुवात झाल्यापासून खरे दुहेरीकरण सहसा लहान आणि नाण्याच्या मध्याजवळ असते. अशा नव्या नाण्यावर कडेची अक्षरे ठळक दुहेरी दिसली तर आधी डाय हलल्याचा संशय घ्यावा.

८. उलटी प्रतिमा, दोन सारखी तोंडे आणि दोन धातूंची नाणी

छापलेले नाणे डायला चिकटून राहिले की पुढच्या चकतीवर त्याची आरशातल्यासारखी, खोल प्रतिमा उमटते. खऱ्या नाण्यात ही उलटी प्रतिमा स्वच्छ चकतीवर उमटलेली असते, तिच्याखाली जुनी नक्षी नसते. दोन नाणी एकमेकांवर ठेवून दाबली तरी उलटी खोल अक्षरे येतात, पण ती आधीच्या नक्षीवर स्वार झालेली असतात, मूळची उंच अक्षरे चपटी झालेली असतात आणि कडेवर दाबाच्या खुणा असतात.

दोन्हीकडे तेच तोंड असलेले नाणे जवळजवळ नेहमी दोन नाण्यांपासून केलेले असते. एक आतून पोखरून वाटीसारखे करतात, दुसरे घासून लहान करतात आणि एकमेकांत बसवतात. म्हणून सांधा कडेवर न शोधता किनारीच्या आतल्या रेषेवर, पूर्ण गोलाकार शोधावा. वजनातला फरक आणि मऊ पृष्ठभागावर हलके टाकल्यावर येणारा बोदा आवाज यांचाही आधार होतो.

दोन धातूंच्या नाण्यात कडे आणि गाभा सुटे असतानाच प्रेसमध्ये येतात आणि एकाच दाबात जोडले व छापले जातात. त्यामुळे सांध्यावरून जाणारी नक्षी अखंड असते. गाभ्यावरील चित्र कड्याच्या तुलनेत फिरलेले असेल, तर गाभा बाहेर काढून पुन्हा बसवला आहे. टांकसाळीत असे घडण्याचा मार्गच नाही. गाभा खरोखर तिरका बसून छापला गेला असेल तर नक्षी गाभा आणि कडे या दोन्हींवरून सलग, आपल्या योग्य जागी जाते.

९. गायब झालेली अक्षरे, अंक आणि खुणा

डायच्या खोलगट भागात ग्रीस भरले तर अक्षर पुसट येते किंवा येतच नाही, पण त्या जागेचा पोत आणि झळाळी आजूबाजूसारखीच राहते. खरवडून काढलेल्या अक्षराच्या जागी हलका खळगा, वेगळी चमक किंवा बारीक रेघा असतात. डाय जास्त घासल्यामुळेही तपशील नाहीसे होतात. अमेरिकेतील डेन्व्हर टांकसाळीचे १९३७ चे तीन पायांच्या बायसनचे (रानटी बैलाचे) नाणे असेच झाले आहे. त्याचा पाय खरवडून केलेल्या नकला असंख्य आहेत, आणि म्हणूनच केवळ पाय नाही यावर कोणी समाधान मानत नाही. खऱ्या डायची ओळख असलेली, पोटाखालून जमिनीकडे उतरणारी उंच ठिपक्यांची रांगही पाहिली जाते.

इशारा: टांकसाळीची खूण, म्हणजे नाणे कोणत्या टांकसाळीत घडले ते दाखवणारे चिन्ह, नसणे म्हणजे चूक नव्हे. कोलकाता टांकसाळीच्या नाण्यांवर खूण नसते आणि अमेरिकेच्या फिलाडेल्फिया टांकसाळीच्या बहुतेक जुन्या नाण्यांवरही नसते. वेगळी चिकटवलेली खूण मात्र तिच्या पायथ्याशी दिसणाऱ्या बारीक फटीवरून ओळखता येते.

जुळत नसलेल्या दोन डायची जोडी लागूनही तपशील हरवतो. ब्रिटनमध्ये २००८ साली २० पेन्सच्या नाण्यावरील वर्ष मागच्या बाजूवरून पुढे नेले, आणि नवी मागची व जुनी पुढची डाय एकत्र लागून वर्षाविना नाणी निघाली. अशा दाव्यात दोन्ही बाजू कोणत्या रचनेच्या आहेत हे तपासल्याशिवाय वर्षाची कोरी जागा पाहण्यात अर्थ नाही.

१०. रंग आणि थर

रंगावरून सर्वांत शेवटी विचार करावा. उष्णता, मातीत पुरले जाणे आणि रसायने यांनी पांढरे नाणे तांबूस होते. त्याचे वजन बरोबर असेल तर ते डागाळलेले नाणे आहे. थरांच्या नाण्यावरून बाहेरचा एक थर खरोखर गळालेला असेल तर वजन स्पष्टपणे कमी भरते आणि रंगाची सीमा कडेवरही दिसते. सोनेरी किंवा रुपेरी मुलामा खाचांच्या तळातही सारखाच चढलेला असेल तर तो बाहेर चढवलेला आहे.

११. नोंद आणि निर्णय

नाण्याच्या पाकिटावर वजन, व्यास, चुंबकाचा परिणाम, कडेची स्थिती, खूण उंच की खोल आणि धातू सरकल्याची चिन्हे या क्रमाने लिहावे. प्रकाराचे नाव त्यानंतर, वेगळ्या ओळीत लिहावे, आणि त्यासमोर तो प्रकार निर्मितीच्या कोणत्या टप्प्यावर घडला हे लिहावे. ही ओळ भरता आली नाही तर नाव खोडून टाकावे.

सर्व निरीक्षणे एका टप्प्याकडे बोट दाखवत असतील तेव्हाच नाणे प्रमाणीकरण करणाऱ्या संस्थेकडे पाठवण्याचा खर्च करावा. चार खुणा जुळतात आणि एक ठामपणे विरोधात जाते अशी स्थिती असेल, उदाहरणार्थ अक्षरे ओढलेली दिसतात पण कापावर कानशीच्या रेघा आहेत, तर विरोधातल्या खुणेला जास्त महत्त्व द्यावे. खऱ्या कापाची कड कुणीतरी नंतर घासलेलीही असू शकते. तसे असेल तर नोंदीत दोन्ही गोष्टी लिहाव्यात आणि नाणे विकताना किंवा बदलताना समोरच्याला दोन्ही सांगाव्यात.